आधी आउटर बघा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं माझ्याकडं दुसरं काही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता तोंड उघडलं नाही तर कधीच उघडणार नाही, हे कळलंय म्हणून.

चौसाळ्यापासून लिंबागणेशपर्यंत कुणाच्या डोंगरी सायकलचा गिअर उड्या मारायला लागला, की लोक त्याला माझ्याकडं पाठवतात. खरं तर मी कॉलेजातला क्रीडाशिक्षक, मेकॅनिक नव्हे. पण गिअरच्या वायरीतलं सरांना कळतं असा माझा लौकिक आहे, आणि तो मला आवडतो — खोटं कशाला बोलू? सायकल भिंतीला टेकवायच्या आत मी विचारतो, आउटर कधी बदलला होता? समोरचा गोंधळतो. आउटर म्हणजे वायरीवरची ती काळी नळी. लोक टायर बघतात, रंग बघतात, गिअर किती आहेत ते मोजतात. नळीकडं कुणी ढुंकून बघत नाही.

मग मी त्याला समोर बसवून सगळं सांगतो. ब्रेकचा आउटर वेगळा, गिअरचा वेगळा. बाहेरून दोन्ही काळेच, कापलेलं टोक बघितल्याशिवाय फरक कळत नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ताण आला की ती किंचित आखडते. ब्रेकला ते चालतं. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीनं सरळ असतात, केरसुणीच्या काड्यांसारख्या, आणि त्या आखडत नाहीत. गिअरला केसभर फरकही चालत नाही. तुकडा सरळ कापायचा, टोकाला टोपी घालायची, हँडल पूर्ण वळवलं तरी ताण बसू नये इतकी लांबी ठेवायची. मागच्या चाकापाशी जो वाकलेला तुकडा असतो, त्यात आपल्याकडची काळी माती सगळ्यात आधी शिरते. तिथं पाण्याचा फवारा मारायचा नाही. गिअर जड झाला तर तेल ओतत बसण्यापेक्षा तो तुकडाच बदलून टाकायचा. लोक माना डोलावतात. सरांचा अभ्यास दांडगा, म्हणतात.

अभ्यास कसला आलाय? हे मी एका मुलीच्या नुकसानीतून शिकलो.

शीतल तिचं नाव. माझ्या कॉलेजात होती. लिंबागणेशच्या अलीकडं एका वस्तीवर घर, घरी शेळ्या-मेंढ्या. लहानपणापासून सीताफळीच्या झाडीतून जनावरांमागं पळालेली, त्यामुळं डोंगरात कुठला दगड पक्का आणि कुठला पायाखालून निसटणारा, हे तिला बघताक्षणी कळायचं. कॉलेजनं दोन गिअरच्या सायकली घेतल्या तेव्हा त्यातली एक मी तिला दिली. पहिल्याच आठवड्यात ती अशा उतारावरून सायकल खाली घेऊन आली, जिथं मी उतरून सायकल हातात धरतो. आणि खाली येऊन काय केलं? हसली नाही, बढाई नाही — परत चढायला लागली. मी आयुष्यात पुष्कळ खेळाडू बघितले. तिच्यासारखी दुसरी बघितली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तिच्या सायकलीच्या मागच्या गिअरचा आउटर मी स्वतः बसवला होता. दोन्ही प्रकारची भेंडोळी एकदमच आणली होती, घाईत नको ते उचललं. टोकाची टोपी बसेना — नळी जाड होती ना! तिथंच कळायला हवं होतं. पण माझा हात कधी चुकतो का? मी टोपीशिवायच नळी दाबून बसवली.

गिअर अर्थातच नीट पडेना. सायकल स्टँडला उचलून चाक फिरवलं की सगळं ठीक, डोंगरात जोर लावला की साखळी अडायची. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. स्टँडवर ठीक आहे, म्हणजे सायकल ठीक आहे, म्हणजे दोष गिअरचा खटका दाबणाऱ्या तुझ्या अंगठ्यात. जड अंगठा आहे तुझा, मेंढ्या हाकायचा हात — असं मी तिला बोललो. सगळ्यांसमोर बोललो, आणि पोरं हसली. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

तिनं काय केलं, ऐका. तिनं मानलं. टकटक करणारं एक पेन घेतलं आणि शेळ्यांमागं फिरताना दिवसभर ते अंगठ्यानं हलकं हलकं दाबत राहिली. मग तिनं स्वतःच एक युक्ती काढली. गिअर बदलताना खटका थोडा जास्त दाबायचा, साखळी वर चढेपर्यंत तसाच धरायचा, तेवढ्यापुरता पायातला जोर काढून घ्यायचा. चढावर, धापा टाकत, दगड चुकवत, दर वेळी हे करायचं — करून बघा कधी. बिघडलेल्या सायकलीवर ती बाकीच्यांच्या पुढं राहायला लागली. पोरं हसायची थांबली. मी मात्र सांगत फिरलो की मी अंगठा सुधारला तिचा.

निवडचाचणी आमच्याच डोंगरात होती. राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्यातून दोन मुली निवडणार होते, आणि वयाच्या हिशोबानं शीतलची ती शेवटची संधी होती. आदल्या दिवशी मी सगळ्या सायकली तपासायला घेतल्या. तिचा आउटर जरा लांब वाटला, म्हणून टोक कापलं. आत स्प्रिंग दिसली.

सगळं एकदम कळलं. टोपी का बसत नव्हती, साखळी का अडायची, अंगठ्याचा काय दोष होता — काहीच नव्हता. बरोबर आउटर तिथंच खिळ्याला लटकत होता. बदलायला कितीसा वेळ लागला असता? पण बदलला असता तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच खटक्याला तिला कळलं असतं. दाबून धरायची सवय लागलेल्या हाताखाली गिअर एकाऐवजी दोन घरं उडाला असता, आणि तिनं विचारलं असतं, सर, काय केलं? मग मला उत्तर द्यावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की ऐन वेळी बदल नको, तिला हीच सायकल सवयीची आहे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? त्यात शहाणपण नव्हतं. मला भीती वाटत होती, एवढंच.

मी जुनाच तुकडा परत बसवला.

चाचणीत शेवटच्या चढापर्यंत ती दुसरी होती. वळणावर हँडल पूर्ण वळलं, आउटर आखडला, आणि तिनं खटक्याला हातही लावलेला नसताना साखळी उडून चाकाच्या तारांत अडकली. ती उतरली, साखळी ओढून काढली, बसत नाही म्हटल्यावर सायकल हातात धरून चढ पळत चढली. ती तिसरी आली.

हात साखळीच्या वंगणानं काळे झालेले, एका बोटातून रक्त येत होतं. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, माझाच अंगठा. तुमी तर पहिल्यापासून सांगत होते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. होतं असं, म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मी आउटर बदलला आणि तिला सांगितलं, थोडं ट्युनिंग केलंय, आता खटका दाबून धरू नको. एक चक्कर मारून आली ती. गिअर लोण्यासारखे पडत होते. अंगठा आता सुधारला म्हणून खूश झाली. तीही गोष्ट मी तशीच राहू दिली. ती राज्याला गेली असती तर पुढं काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तिलाही कधी कळणार नाही, आणि ते माझ्यामुळं. त्यानंतर मी दिसेल त्याला सांगायला लागलो, आधी आउटर बघा. लोकांना ते ज्ञान वाटलं.

शीतल आता लिंबागणेशजवळच एका शाळेत शिकवते आणि सकाळी मुलींचा सराव घेते. मागच्या रविवारी तिनं मला आग्रहानं बोलावलं होतं. पूजा नावाच्या एका मुलीचा गिअर चढावर उड्या मारत होता. शीतल तिला ओरडली, अंगठा हलका ठेव म्हणून. मुलगी परत गेली, परत तेच. शीतलनं सायकल स्वतः घेतली, चढावर जाऊन आली, खाली बसून मागचा तुकडा चाचपला. टोपी फुटून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या.

तिनं सगळ्या मुलींना जवळ बोलावलं. "पूजा, चूक माझी हाय," ती म्हणाली. "तुझा अंगठा चांगला हाय. मी आउटर न बघताच तुला बोलले."

बस, एवढंच. पूजा हसली आणि पेटीतून नवा आउटर काढायला गेली. कुणाच्या नजरेत शीतल कमी झाली नाही, उलट मुली तिला अजूनच चिकटून उभ्या राहिल्या. मला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तिनं उभ्या उभ्या केलं, तेही न अडखळता.

मग ती माझ्याकडं हात करून मुलींना म्हणाली, "आधी आउटर बघायचा, हे सरांनीच शिकवलंय मला. मीच इसरले."

मुलींनी वळून आदरानं माझ्याकडं बघितलं. आणि मी हसून मान हलवली.