मोरीतला बोळा

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. माझे यजमान कलेक्टर कचेरीत कारकून. कचेरी नवी, पाट्या नव्या, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे नव्या नवरीसारखे मिरवत होते. नंतरच्या दोन उन्हाळ्यांत पाणी आटलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसं नळात काही येईना. आला तर टँकर येई, तोही गढूळ. शेजारीण म्हणायची, "जिल्हा दिला सरकारनं, पाणी द्यायला इसरलं." ती हे हसत म्हणायची. मला हसू येत नसे.

घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं, सासूबाई, पाच वर्षांची मुलगी आणि नुकता चालायला लागलेला मुलगा. सासूबाई गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत आणि आंघोळीशिवाय पूजा करत नसत. त्यांनी आंघोळ तांब्यावर आणली होती. पंचा ओला करून अंग पुसायचं, वर उरलेलं पाणी ओतायचं, झालं. आम्ही बाकीचे परातीत बसून आंघोळ करायचो, कारण ते पाणी सोडायचं नसायचं. त्यात कपडे भिजत, कपड्यांच्या पाण्यानं फरशी पुसली जाई, आणि उरलेला काळा गाळ संडासात. मोरीच्या भोकात सगळ्या गल्लीनं चिंध्यांचे बोळे कोंबले होते. आमची मुलगी बोळा बसवण्यात पटाईत होती. कापड कसं पिळायचं, अंगठ्यानं कसं दाबायचं, सगळं तिला येत होतं. आम्हाला तिचं फार कौतुक वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सहलीला जात असू. सहल हा यजमानांचा शब्द. स्कूटरवर मी, पुढं मुलगी, मांडीवर मुलगा आणि दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे कॅन बांधलेले. जवळच्या मुरुड गावाच्या अलीकडं त्यांच्या ओळखीच्या एकाची विहीर होती. मोटार सुरू झाली की लेकरं पाइपाखाली नाचायची. आम्ही आंब्याखाली दशम्या आणि शेंगाची चटणी खायचो. मग कॅन भरून परत. वाटेत कुणी विचारलं तर यजमान ऐटीत सांगायचे, "लेकरांना फिरवून आणलं." मलाही ते खोटं आवडायचं. मग ती विहीर तळाला गेली. तो ओळखीचा माणूस एका रविवारी हात जोडून फाटकातच उभा राहिला. आम्ही स्कूटर वळवली. मुलगी रडली नाही. "आज सहल न्हाई का अप्पा?" एवढंच विचारून ती रिकामा कॅन वाजवत बसली.

वैशाखात तिला जळजळ सुरू झाली. लघवीला बसली की ओठ दाताखाली धरायची. मग ताप चढला. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, ही दिवसात पाणी किती पिते? मी कधी पाहिलंच नव्हतं. तिलाच विचारलं तर म्हणाली, "मला तहान लागत न्हाई." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हिचं खरं औषध पाणी. भरपूर पाजा, स्वच्छ पाजा. असंच चाललं तर मूत्रपिंडाचं कायमचं नुकसान होईल. मला त्यांच्या टेबलावरचा पेला फेकून मारावासा वाटला. लातुरात, त्या उन्हाळ्यात, भरपूर पाणी पाजा! सोन्याचं भस्म द्या म्हणाले असते तर निदान मंगळसूत्र मोडता आलं असतं.

घरी आल्यावर मी लक्ष ठेवलं. मी पेला भरून दिला की ती दोन घोट घ्यायची आणि उरलेलं भावाला पाजायची किंवा हळूच हंड्यात परत ओतायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आम्ही दिवसभर जे बोलायचो ते ऐकून ती शहाणी झाली होती. रागावले तर म्हणायची, "बाळाला लागतं की." उकळून गाळून पाजलं तर त्या खाऱ्या, मातकट पाण्यानं ओकायची. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ती आज बरी आहे, दोन लेकरांची आई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. माझा तेव्हा होता. रात्रंदिवस होता.

माझी थोरली बहीण नांदेडला. अक्काचे यजमान रेल्वेत, एका खोलीचा क्वार्टर, पण दारात नळ. गोदावरी बारीक झाली होती, तरी होती. अक्कानं निरोप धाडला, पोरीला माझ्याकडं ठेवा, पाऊस पडला की न्या. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू जगायचं आसंल तर ठिवा बाई." यजमान तिसऱ्या दिवशी म्हणाले, ठेवू. मुलीला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की या शनिवारी मोठ्ठी सहल. एसटीनं नांदेडला जायचं, हॉटेलात राहायचं.

अक्काकडं लग्नाचे पाहुणे होते, ते रविवारी सकाळी जाणार होते. म्हणून एक रात्र लॉजवर काढायची असं यजमान सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. त्यांना पोरीला एक दिवस सुख द्यायचं होतं. मी चिडले. "बकऱ्याला हळदकुंकू लावतात तसलं सुख का हे?" असं मी त्यांना बोलले. त्यांनी पिशवीत तिचे दोन्ही फ्रॉक घातले. मी तेलाचा कॅनही बरोबर घेतला. त्या वर्षी आमच्याकडचा माणूस मयतीला निघाला तरी कॅन घेऊन निघायचा.

एसटीत ती खिडकीशी बसली. अहमदपूरला तिनं भावाला लिमलेटची गोळी अर्धी तोडून दिली. सारखी विचारायची, हॉटेलात पलंग असतो का, आपण पाहुणे का. समोरच्या बाईला तिनं आपणहून सांगितलं, "आम्ही सहलीला चाललोत." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती काळी भेगाळलेली रानं.

लॉज स्टेशनच्या रस्त्याला होतं. दोन पलंग, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, आणि खोलीलाच लागून न्हाणीघर. यजमानांनी तिथला नळ सोडला. पाणी असं बदाबदा आलं की मुलगा भ्याला आणि माझ्या पायाला बिलगला. मुलगी दारातच उभी राहिली.

"हे कुणाचं पाणी हाय?" तिनं विचारलं.

"आपलंच. आज आपलंच," यजमान म्हणाले.

"परात कुठाय?"

"परात नको आज. ये, अशीच बस. वाहू दे."

ती बसली. डोक्यावरून दोन तांबे जाईपर्यंत हसली. मग तिची नजर मोरीकडं गेली. साबणाचं पाणी भोकातून गुरगुरत निघालं होतं. तिनं तळहात भोकावर धरला. यजमानांनी हसत तो बाजूला केला. तिनं परत धरला. "चाललंय अप्पा, सगळं चाललंय!" असं ओरडून ती इतकी रडायला लागली की शेवटी मीच नळ बंद केला. सुखाची आंघोळ तिथंच संपली. तिचे केस पुसताना मी आणि यजमानांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

जेवताना त्यांनी पाणी पिण्याची शर्यत लावली. खालून तांब्यामागून तांब्या येत होता, वेटर कंटाळला होता. ती आधी भावाच्या पेल्याकडं बघायची, तो भरलेला आहे ना. मग म्हणाली, "इथं संपत न्हाई का?" यजमान म्हणाले, "न्हाई. तू कितीबी पी." तेव्हा कुठं ती प्यायली. पेला दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, गटागटा. ते बघून मला आधी आनंद झाला आणि मग लाज वाटली. माझ्या लेकीला तहान लागत होती. रोज लागत होती.

पहाटे मी पलंगावरून पाय खाली सोडला तो पाण्यात. आधी वाटलं स्वप्न आहे. चपला दारापाशी तरंगत होत्या. न्हाणीघरात दिवा होता, नळ सुरू होता, आणि ती उकिडवी बसली होती. मोरीत बोळा होता. यजमानांचा बनियन आणि माझा परकर एकत्र पिळून, अंगठ्यानं घट्ट दाबून बसवलेला, आमच्या घराण्याचा बोळा. त्याला काय होणार होतं! बादली भरलेली, तांब्या, पेले, साबणाची डबी, दशम्यांचा डबा, मुलाची दुधाची बाटली, थर्मासचं झाकणसुद्धा भरलेलं. तेलाचा कॅन झाकण लावून उंबऱ्याशी ठेवलेला. आणि भांडी संपल्यावर उरलेलं पाणी जमिनीवर साठवलेलं.

तेवढ्यात दार वाजलं. मॅनेजर होता. "अहो, काय करून राहिले तुम्ही? जिन्यावरून पाणी उतरून राहिलं! खाली गाद्या हायत!" त्यानं आत डोकावलं, ती भरलेली भांडी पाहिली आणि त्याचा आवाज खाली आला. "लातूरचे का?" यजमानांनी मान हलवली. "तरीच," तो म्हणाला. मला तो ओरडलेला बरा वाटला असता.

यजमान लगेच पंच्यानं फरशी टिपायला लागले. टिपायचे आणि पंचा त्या भरल्या बादलीतच पिळायचे. मोरी दोन हातांवर होती, बोळा काढून टाकला असता तर सगळं आपोआप निघून गेलं असतं. तो मॅनेजरनंच पुढं होऊन काढला. पाणी गेलं तसं मुलीनं माझ्याकडं पाहिलं. माझा हात उठला होता. खरंच उठला होता.

"आई, मारू नको," ती म्हणाली. "बघ की, किती झालं. हे सगळं घरी न्यायचं. मी थोडंच पिते. मग मला मावशीकडं ठेवायचं काम न्हाई."

तिला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. एसटीत बाईला सहल सांगत होती तेव्हाही ठाऊक होतं. यजमान तिथंच ओल्या जमिनीवर बसले. मॅनेजर दार लोटून गेला. मी तिला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडले, लॉजभर ऐकू गेलं असेल. माझ्या मनात आलं, कॅन उचलावा, लेकरू उचलावं आणि पहिल्या एसटीनं लातूर गाठावं. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

यजमान म्हणाले, "हाव, नेऊ की तुला." मी म्हटलं, "खोटं सांगू नका." मग तिला मीच सांगितलं, की एवढं पाणी दोन दिवस पुरतं बाई, पाऊस यायला लई दिवस हायत. तुझ्या पोटात दुखतंय, ते इथलं पाणी पिऊन बरं होतं. तिनं विचारलं, "टँकरभर आसतं तर?" मी म्हटलं, "तर नेलं असतं." यजमानांनी गढूळ झालेली बादली मोरीत ओतून दिली. मग ती उठली आणि एकेक भांडं त्या रिकाम्या बादलीत रिकामं करायला लागली, थेंब न सांडता. सांडलं असतं तरी तेव्हा कुणी काही म्हणालं नसतं.

दुपारी अक्काच्या दारात ती अक्काचं बोट धरून उभी होती. दुसऱ्या हातानं कॅन ओढत आणला. "हे तरी ने. आज्जीला पूजेला. आन बाळाला." मी म्हटलं, तू पिशील ना इथं? ती म्हणाली, "पिते. तू जा." भाऊ तिच्याकडं झेपावत होता, यजमानांनी त्याला खांद्यावर घट्ट धरला. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर अक्का दारातल्या नळाखाली पेला धरून होती आणि ती आमच्याकडं न बघता पेल्याकडं बघत होती.

लातूरपर्यंत कॅन माझ्या मांडीवर होता. लेकराऐवजी तोच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्यातलं तांब्याभर पूजेला घेतलं. त्या लिंगावर पाणी घालताना नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या, उठल्या तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "ऱ्हायलेलं शिळं करू नगं. डाळीला घाल." टँकरच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ तास तास उकळली तरी दाताखाली टचटचीत लागायची. त्या दिवशी पातेलं चुलीवर ठेवलं आणि बघता बघता डाळ फुलली, घोटायचीसुद्धा गरज पडली नाही. कित्येक महिन्यांनी घरात वरणाचा वास सुटला. यजमानांनी भात मागून घेतला. मुलानं वाटी दोनदा पुढं केली. सासूबाई म्हणाल्या, "गोड पानी हाय." मी शेवटी जेवायला बसले, पातेलं पुसून घेतलं. भूक लागली होती.