पार्किंगमधली शिडाची होडी

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि दर वर्षी फळ्यावर शिडाची होडी काढली. वारा समोरून येत असतानाही होडी तिरकी तिरकी त्याच दिशेनं पुढे कशी सरकते, हे बाण काढून दाखवायला मला फार आवडायचं. शिडावरचं बल, पाण्याचा विरोध, दोन्हींची बेरीज. फळ्यावर माझी होडी कधीच बुडाली नाही. प्रत्यक्षात मी आयुष्यात एकदाच होडीत बसलो होतो. ती हंसाच्या आकाराची होती, पायडल मारायची, आणि पायडल बायकोनं मारलं होतं.

निवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो पुण्याकडे नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी धरणावर शिडाच्या होड्या चालवणाऱ्या एका क्लबात जातो. क्लबातली एक जुनी होडी मोडीत निघणार होती. "सर, तुमची ती आकृती मला अजून आठवते," तो म्हणाला. शिक्षकाला गळाला लावायला एवढं वाक्य पुरतं. मी लगेच "पाठवून दे" म्हणालो.

"होडी? सोलापुरात?" बायकोनं विचारलं.

"उजनी धरणाचं पाणी आहे की."

"उजनी इथून दीड तासावर आहे."

"समुद्र त्याहून लांब आहे," मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

पुण्याला कांदा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमधून होडी आली. चौदा फूट लांब, फायबरची, कधीकाळी पांढरी असावी. आत कांद्याची सालं आणि बुडाला बोटभर रुंद चिरा. डोलकाठी मधोमध वाकलेली, सुकाणूच्या बिजागऱ्या गंजलेल्या, आणि शीड उंदरांनी वाटून खाल्लेलं. चौघांनी धरून ती आमच्या पार्किंगमध्ये विटांवर ठेवली. बायको गॅलरीतून बघत होती. तिनं आत जाऊन मोठ्यानं मिक्सर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत, म्हणजे नोकरीतून. कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. त्यांच्या हातात नियमांची वही होती.

"पार्किंग दुचाकी आणि चारचाकीसाठी आहे. हिला चाकं किती?"

"एकही नाही."

"म्हणजे हे वाहन नाही. वाहन नसलेली वस्तू पार्किंगमध्ये असली की ती अडगळ. अडगळीचा ठराव वेगळा आहे."

मी भाजीवाल्याची एक जुनी हातगाडी मिळवली, वेल्डरकडून तिच्यावर लोखंडी पाळणा बसवून घेतला आणि होडी त्यात ठेवली. सेक्रेटरींनी वाकून चारही चाकं मोजली, एका चाकावर टिचकी मारून पाहिली आणि वहीत नोंद केली. "आता हरकत नाही. पण हॉर्न लावू नका."

मग सगळ्या बिल्डिंगनं होडी दत्तक घेतली. दुरुस्तीला कुणी हात लावला नाही, सुधारणा मात्र प्रत्येकानं सुचवल्या. पहिल्या मजल्यावरच्यांना तिला मोटर हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांना छत हवं होतं, कारण सोलापूरचं ऊन. कुणाला गाणी लागायला हवी होती, कुणाला मोबाईल चार्ज करायची सोय. आणि दिवे तर सगळ्यांनाच हवे होते. आमच्या गावात एखादी गोष्ट कशासाठी आहे हे कळलं नाही, की माणूस आधी तिला दिव्यांची माळ लावायला सांगतो. बुडाला भोक आहे आणि त्यातून पलीकडची फरशी दिसते, याकडे मी वारंवार लक्ष वेधत होतो. "ते होईल हो," सगळे म्हणायचे.

मीही काही वेगळा नव्हतो. महिनाभर मी होड्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले. त्यातली दाढीवाली गोरी माणसं "एका शनिवारचं काम" असं म्हणून सुरू करायची. मी दोनशे पानी वही आणली, समास आखले, कामांचे तक्ते केले. वही भरत आली तरी होडीला मी पॉलिश पेपरचा एक तुकडाही लावलेला नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "आता वहीच पाण्यात सोडा."

मग मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका फायबरवाल्याला गाठलं. तो पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतो आणि वरातीच्या सजावटीसाठी फायबरचे घोडे बनवतो. त्यानं होडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवून पाहिली.

"सर, ही उलटी टाकी आहे."

"होडी आहे ती."

"तेच म्हणतो. टाकीत पाणी आत राहायला पाहिजे, हिच्यात बाहेर. आपल्याला काय, गळती ती गळतीच की."

त्यानं तीन दिवसांत चिरा खरवडल्या, काचेच्या धाग्यांची मॅट कापून बसवली, वर रेझिनचा चिकट थर दिला. माझ्या वहीत या कामाला अकरा पानं होती. त्यानं वही मागितली आणि तिच्या पुठ्ठ्यावर रेझिन कालवलं.

आता गळती थांबली का, हे बघायचं होतं. होडीत पाणी भरायचं आणि खालून कुठं पाझरतं का पाहायचं, ही त्याची रीत. अडचण अशी, की आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. पाण्याच्या दिवशी सोलापुरात माणूस पाहुण्यालाही ओळख दाखवत नाही, पिंप भरतो. त्या दिवशी मी पाइप होडीत सोडला. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. "निवृत्त माणसाला काय, वेळही आहे आणि पाणीही," असं कुणीतरी मला ऐकू येईल इतक्या हळू बोललं.

होडी गळली नाही. एक थेंबही नाही. मी फायबरवाल्याला फोन करून अभिनंदन केलं. आणि मग चौथ्या दिवशी, पिंपं तळाला गेल्यावर, सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन होडीशी आली. सेक्रेटरींनी रांग लावली. पुढचे दोन महिने माझी होडी सोसायटीची टाकी होती. दुरुस्ती करायची तर तिच्यात पाणी असायचं, आणि पाणी काढून टाकतो म्हटलं तर लोक माझ्याकडे खुनी माणसाकडे बघावं तसे बघायचे.

शीड शिवायला मी सात रस्त्याजवळच्या एका शिंप्याकडे गेलो. तो मंडपाची कापडं आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो. घरी तेलुगू बोलतो, त्याचे वडील मागावर कापड विणायचे, त्यामुळे कापड चिमटीत धरलं की त्याला त्याची जात कळते. मी त्याला उंदरांनी सोडलेला नमुना दिला आणि तासभर समजावलं, की शीड सपाट नको, त्याला किंचित फुगवटा हवा, कारण वाऱ्याचा दाब, कारण बलांची बेरीज. मी कागदावर बाण काढले. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे ब्लाऊजला टक्स घालतो तसं," तो म्हणाला.

एकतीस वर्षांत हे मला इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं.

आठवड्यानं शीड तयार झालं; तोवर वेल्डरनं डोलकाठी सरळ केली होती आणि सुकाणूच्या बिजागऱ्या बदलल्या होत्या. फुगवटा अचूक होता. फक्त खालच्या कडेला लालभडक झालर लावली होती. मी ती काढायला सांगितली तेव्हा त्याचा चेहरा पडला. "सर, झालर नसली की लोक नावं ठेवतात. मला ठेवतात, तुम्हाला नाही," तो म्हणाला. त्यानं झालर उसवली, पण माझ्याकडे न बघता.

फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही टेम्पोत होडी चढवली आणि टेंभुर्णीच्या पुढे धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात गेलो. बायको आली, कारण तिच्या मते मी एकटा गेलो तर परत येण्याची खात्री नव्हती. काठावर साठीचा एक मच्छीमार जाळं निवडत बसला होता. त्याची होडी पत्र्याची, चपट्या तळाची. त्यानं आमच्या डोलकाठीकडे मान वर करून पाहिलं.

"ही कशावर चालती?"

"वाऱ्यावर."

"आन् वारा न्हाय आला तर?"

"वल्ही आहेत."

"मग वल्ह्यावरच चालवा की. एवढी काठी कशापायी?"

मी काठावरच्या मातीत काटकीनं आकृती काढली, बाण काढले. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला. आकृती संपल्यावर त्यानं पाण्याच्या मधल्या भागाकडे बोट केलं. "सगळीकडं फिरा. पर तिकडं जाऊ नका. तितं खाली हाय."

"काय आहे?"

"हाय की," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

मला वाटलं, भूतखेत असणार. कॉलेजात मी अंधश्रद्धेविरुद्ध बरीच भाषणं दिली होती. मी सौम्यपणे हसलो. आजही ते हसू आठवलं की मला घाम फुटतो.

सुकाणू बायकोच्या हाती दिलं आणि शीड मी घेतलं. "डावीकडे वळायचं तर दांडा उजवीकडे," मी सांगायला लागलो. ते वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला समजलं होतं. मला मात्र शिडाखालची आडवी काठी आपण होऊन फिरते, हे माहीत असूनही लक्षात राहिलं नाही. ती दोनदा माझ्या डोक्यावर बसली. "खाली वाका," बायको तिसऱ्या वेळी म्हणाली, आणि तिथून पुढे हुकूम तीच देत होती.

मग पश्चिमेकडून वारा आला. शीड भरलं, होडी एका कुशीवर कलली आणि पाणी चिरत निघाली. वाऱ्याकडे, तिरकी, अगदी फळ्यावर काढायचो तशी. मोटर नाही, आवाज नाही. फक्त बुडाखालून पाण्याची खळखळ. मी बायकोकडे पाहिलं. तिचे केस उडत होते आणि ती हसत होती. इतकी वर्षं मी पोरांना जे सांगत होतो ते खरं होतं. मला त्याची कधी शंका नव्हती, असं मी समजत होतो.

या आनंदात आपण कुठं चाललोय हे दोघांनीही पाहिलं नाही. धाडकन आवाज झाला. होडी जागच्या जागी थांबली, मी पुढे फेकला गेलो आणि काठी तिसऱ्यांदा बसली. शिडाच्या होडीच्या पोटातून एक उभी फळी पाण्यात सोडलेली असते, ती असते म्हणून होडी आडवी वाहून जात नाही. ती फळी कशात तरी अडकून कडाकड मोडत होती.

मच्छीमार निवांत वल्हवत आला. त्याला घाई नव्हती.

"सांगितलं व्हतं की."

"खाली आहे काय?" मी ओरडलो.

"आमची हीर."

त्यानं वल्हं पाण्यात उभं घातलं. हातभर खाली ते दगडावर टेकलं. धरण भरलं तेव्हा तो चौथीत होता. गाव, मळा, विहीर, सगळं पाण्याखाली गेलं. विहिरीचं बांधकाम उंच होतं, उन्हाळ्याकडे पाणी उतरत गेलं की तिचा माथा असा जवळ येतो. "आमच्या होड्या चपट्या, त्या वरनं जात्यात," तो म्हणाला. "हिला आदळणारे तुमी पैलेच."

"आधी विहीर म्हणून सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुमी इचारलं कुटं? तुमी हसला."

त्यानं आम्हाला ओढत काठाला आणलं. बायको वाटेत त्याच्याशी मळ्याबद्दल बोलत होती, काय पिकायचं, झाडं कोणती होती. मी मोडक्या फळीचे तुकडे गोळा करत होतो.

होडी आम्ही त्याच्याच काठावर ठेवली. नवी फळी त्यानं बाभळीची करून दिली, माझ्या मापापेक्षा वीतभर आखूड. माप चुकल्याचं मी त्याला सांगितलं. "चुकलं न्हाय, हीर चुकली पायजे," तो म्हणाला. विहिरीवर त्यानं तेलाचा रिकामा पिवळा डबा दोरीनं बांधून तरंगत ठेवला.

फेब्रुवारी सरता सरता त्याच्या आईनं होडीत बसायचा हट्ट धरला. ऐंशीच्या पुढची, अंगानं चिमणीएवढी. मुलाच्या पत्र्याच्या होडीला तिनं कधी पाय लावला नव्हता. "तिच्या मासळीच्या वासानं मळमळतं," असं तिचं म्हणणं. बायकोनं तिला आपल्याजवळ बसवलं आणि सुकाणू धरलं; मी शिडापाशी बसलो, मच्छीमार पुढे वल्ह्यांपाशी. वाटेत म्हातारी पाण्यावर बोट दाखवून सांगत होती. ही चिंच, हा बांध, हितं गोठा. आम्हाला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं.

डब्यापाशी बायकोनं होडी वाऱ्यात उभी केली. शीड फडफडायला लागलं. म्हातारीनं वाकून ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली.

"ह्याला चव न्हाय. आमचं लई गोड व्हतं."

"खूप खोल होती का?" बायकोनं विचारलं.

"व्हय की. सात पुरुस. येकावर येक सात मानसं हुबी ऱ्हातील येवढी." तिनं पदरानं हात पुसले. "चला आता. ऊन व्हतंय."

तेवढ्यात वारा पडला. मच्छीमारानं माझ्याकडे पाहिलं आणि एक वल्हं माझ्या हातात दिलं.