माझ्या नावाचं चलन

सांगली शहरात एका सायकलवर दोघांनी बसायला बंदी होती, हे मला माहीत होतं. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी मारायचा आणि मागं बसलेला पोरगा उडी टाकून गल्लीत पळायचा. आम्हा दोघी पोरींना पळता आलं नाही. परीक्षेचा दिवस होता, मैत्रिणीची एसटी चुकली होती, म्हणून मी तिला कॅरियरवर घेतलं होतं. नाक्यावर पोलिसानं हात आडवा केला.

मैत्रिणीला त्यानं जाऊ दिलं. मला नाव विचारलं. गावातल्या शाळेत शिकवलं होतं तसं मी पूर्ण नाव सांगितलं: माझं, वडिलांचं, मग आडनाव. वय सांगितलं. सायकलीवरच्या कर भरल्याच्या बिल्ल्याचा नंबर त्यानं वाकून पाहिला, चलन फाडलं आणि घडी करून माझ्या हातात दिलं. वडलांजवळ दे, म्हणाला.

पेपर संपल्यावर मी घडी उघडली. बिल्ल्याचा नंबर चुकला होता. वय एकोणीस, म्हणजे माझं. आणि नाव माझ्या वडिलांचं. माझं स्वतःचं नाव त्यानं गाळून टाकलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करातून पेन्शनीवर येऊन उसाची शेती करत होते. त्यांनी चलन उजेडाला धरून वाचलं. "वय बरं उतरवलंय माझं," एवढंच म्हणाले. पण आबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, शेजारीच बसले होते आणि घरात शब्द त्यांचा चालायचा. तात्यांच्या मते पोलीस शहाणा होता. आबाच्या नावावर गपचूप मिटवून टाकायचं. पोरीला पोलिसानं धरलं हे गावात कळता कामा नये. आणि सायकल आजपासून गोठ्यात.

सायकल गोठ्यात म्हणजे आज ना उद्या कॉलेज बंद. सकाळची एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. आबांनी मला नवी सायकल घेतली तेव्हाही तात्या महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नव्हते. त्यामुळे ते सायकलीबद्दल बोलले तेव्हा आबा खाली बघत राहिले.

कोर्टाच्या तारखेला मी कॉलेजला जाते सांगून आबांबरोबर एसटीत बसले. आबांच्या ओळखीचे एक वकील होते. कोर्टाच्या आवारात त्यांनी चलन पाहिलं. मी लगेच बिल्ल्याचा नंबर दाखवला. माझी समजूत अशी की सरकारी कागदावर एक आकडा चुकला की कागद बाद. वकील हसले. नंबर चुकला, वय चुकलं, याला कोर्टात कुणी विचारत नाही. मॅजिस्ट्रेट साहेब पेनानं दुरुस्त करतात आणि पुढं जातात. सायकल कुठली आणि आरोप काय हे सगळ्यांना कळतंय ना, मग झालं. "पण माणूसच दुसरा असेल तर केस उभी राहत नाही," ते म्हणाले. आबांनी फक्त म्हणायचं की सायकलवर मी नव्हतो.

"मग सायब इचारणार, कोण हुतं," आबा म्हणाले.

"विचारू दे की. सांगायला तुम्ही बांधील नाही."

"मी खोटं बोलणार न्हाई, आन पोरीचं नाव बी घेणार न्हाई. कबूल म्हणतो आन सुटतो."

मला हे पटेना. कबूल म्हणणं हेही खोटंच होतं. ज्या माणसाला लष्करात एकदाही शिक्षा झाली नव्हती, तो माझ्या गुन्ह्यासाठी मान खाली घालणार होता. आणि मोबदल्यात मला काय मिळणार होतं? गोठ्यातली सायकल.

आत रांग भराभर सरकत होती. नाव पुकारायचं, साहेबांनी विचारायचं, माणसानं कबूल म्हणायचं, दंड भरायला शेजारच्या खोलीत जायचं. कुणी कागद वाचून बघत नव्हतं. आबांचं नाव पुकारलं. ते पुढं होऊन ताठ उभे राहिले. साहेबांनी कागदावर नजर टाकली, आबांच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या, पुन्हा कागद पाहिला.

"एकोणीस?"

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी ते खोडायला पेन उचललं तेव्हा मी बाकावरून उठले.

"ते वय माझं हाय, सायब. सायकल मी चालवत हुते."

कॉलेजात मी जपून शुद्ध बोलायचे. त्या वेळी ते आठवलं नाही.

चलन फाडणारा पोलीस कोर्टातच होता, त्याला साहेबांनी पुढं बोलावलं. तो गोंधळला. नाव नीट ऐकलं होतं, पोरीनं काही लपवलं नाही, म्हणाला. "लेकीबाळीचं नाव कोर्टात पुकारलं जाऊ नये म्हणून वडलांचं घातलं, साहेब. उद्या तिचं लग्न व्हायचं हाय."

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही मानलं, आजही मानते. पण राग मला त्यानंच जास्त आला. गुन्हा करण्याएवढी मी होते, आणि कागदावर येण्याएवढी नव्हते.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हे आकडा सुधारण्यासारखं नाही, ते म्हणाले, ज्यानं गुन्हा केला नाही त्याच्यावरचं चलन चालणार नाही. आबांना त्यांनी मोकळं केलं. मग मला म्हणाले, "तुमच्यावर खटलाच नाही. घरी जा."

"मग घाला, सायब. माझ्या नावावर घाला."

वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पोलिसाला तिथंच नवीन चलन करायला सांगितलं. काही वेळानं शिपायानं माझं नाव पुकारलं, पूर्ण, तिन्ही शब्द. मी कबूल म्हटलं आणि दंड भरला.

बाहेर आल्यावर आबा रागावलेले होते. मला इचारायचं तरी हुतंस, म्हणाले. मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "व्हय, म्हनलो असतो."

घरी तात्यांना मीच सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. पोरीचं नाव कोर्टात पुकारलं, आता हिला कोण करून घेणार, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. थोरल्या भावापुढं कधी आवाज न काढलेले आबा जेवता जेवता थांबले.

"ज्याला करून घ्यायची न्हाई त्यानं घिऊ नये. सकाळी तिला कॉलेज हाय."

मी पदवीधर झाले ती या एका वाक्यावर, असं मला नेहमी वाटतं.

चावडीपुढून जाताना बायकापोरींनी सायकलीवरून उतरायचं आणि ती हातात धरून चालत जायचं, अशी आमच्या गावची रीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर तात्या आणि चार वडीलधारे बसले होते. मी उतरले नाही.