जेटस्कीची पूजा मी का अडवली

सुमनवहिनी पूजेचं ताट घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या आणि मी दार अडवून. ताटात पेटलेलं निरांजन, कापूर, झेंडूचा हार. माझ्या पाठीमागे पत्र्याच्या शेडमध्ये जेटस्की, आणि तिथून पेट्रोलचा असा भपकारा येत होता की डोळे चुरचुरत होते.

"वहिनी, दिवा मागं न्या. पार विहिरीपर्यंत."

"आगं ताई, दसरा हाय. आज दिवा माघारी न्यायचा नसतो."

"पुढं आणलात तर शेड जाईल. एक पत्रा ताम्हिणीत सापडेल."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग शेडला चिकटून असलेल्या स्वतःच्या खोलीकडे. दोन्हींत भिंत एकच. "मंग आमची चूलबी तितंच सापडंल," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन विहिरीकडे निघाल्या. एवढ्या लवकर पटलेला मुद्दा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

मी बोटींची मेकॅनिक आहे. मुळशी धरणाच्या काठच्या रिसॉर्टांच्या आणि वीकेंड बंगल्यांच्या बोटी, जेटस्क्या दुरुस्त करते. जेटस्की म्हणजे पाण्यावरची स्कूटर, फक्त आवाज ट्रॅक्टरचा आणि माज विमानाचा. शिवाय मी पत्रकंही काढते. गेल्या उन्हाळ्यातल्या पत्रकाचा मथळा होता, "हे पाणी आम्ही पितो. तुम्ही त्यात काय सांडता?" ज्यांच्याविरुद्ध सकाळी पत्रकं वाटायची त्यांचीच यंत्रं दुपारी दुरुस्त करायची, याला काही जण ढोंग म्हणतात. म्हणोत. गळकी जेटस्की पाण्यात जाण्यापेक्षा न गळणारी गेलेली बरी. एकही गेली नाही तर सर्वांत बरी, पण तेवढं माझ्या पान्याच्या हातात नाही.

या बंगल्याचे मालक हिंजवडीला आयटीत आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांची जागा बबनदादांच्या वडिलांकडून घेतलेली, आणि बबनदादा, म्हणजे सुमनवहिनींचे यजमान, आता त्याच जागेचे केअरटेकर. बापाच्या खाचरात भात लावणारा माणूस तिथल्याच लॉनला पाणी घालतो. मुळशीत अशी माणसं शोधत फिरावं लागत नाही.

सर्विसिंगसाठी मी सकाळी पोचले तेव्हा बंगल्याच्या पायरीवर निकाल लागून गेला होता. सरांचे दोन मित्र सहकुटुंब आलेले. त्या सगळ्यांसमोर सरांनी बबनदादांना चोर म्हटलं होतं. जूनमध्ये जेटस्की शेडमध्ये ठेवली तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरलेली. आज काटा अर्ध्याच्या खाली. शेडची किल्ली बबनदादांकडे. त्यांच्या शर्टाला पेट्रोलचा वास. पूजा झाली की खोली रिकामी करायची.

"मॅडम, सिंपल आहे," सर मला म्हणाले. "जमिनीवर एक थेंब नाही. लीक असता तर फरशी ओली असती. मग पेट्रोल गेलं कुठे?"

बबनदादा खाली बघत उभे होते. "आमी न्हाई घेतलं," एवढंच म्हणाले.

"दादांची मोटरसायकल कुठे आहे?" मी विचारलं.

"ती काय. जांभळीखाली. फुडचं चाक आखाडातच काढून ठिवलंय," दादा म्हणाले.

"मग चोरून प्यायले असतील," मी म्हणाले. सरांना ते आवडलं नाही. माझी फी ठरलेली असल्यामुळे मला त्यांना आवडायची गरज नव्हती.

मग मी शेडचं दार उघडलं आणि ताट अडवलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट सांगायला हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली जमिनीलगत साचते, बंद खोलीत पाणी साचावं तशी. दिसत मात्र नाही. दसऱ्याला गाडीची पूजा करताना आपण दिवा कुठे ठेवतो? खाली, रांगोळीत, चाकाजवळ. म्हणजे बरोबर त्या डबक्यात.

"पण वास तर ऑगस्टपासून आहे," सर म्हणाले. "गेस्टनी तक्रार केली होती. मी बबनला सांगितलं, वास घालव."

"आणि दादा, तुम्ही काय केलंत?"

"धूप जाळला. रोज."

"कुठे?"

"हितंच, शेडात. वरच्या फळीवर. खाली ठिवला की उंदरं पळवत्यात."

मी जरा टेकले. त्या फळीची उंची माझ्या डोक्याएवढी होती. दोन महिने रोज एक माणूस पेट्रोलच्या डबक्यात उभा राहून काडी ओढत होता आणि केवळ उंदरांच्या भीतीने विस्तव वर ठेवत होता. अख्खा बंगला उंदरांनी वाचवला. त्यांच्या नावाने अजून कुणी हार आणलेला नाही.

सरांनी खिशातून जेटस्कीची किल्ली काढली. "एकदा स्टार्ट करून बघू?"

"सर, कशालाही हात लावायचा नाही. किल्ली नाही, ट्यूबलाइटचं बटण नाही. बटणात ठिणगी पडते. मोबाइलसुद्धा बाहेर."

"मुहूर्त निघून जाईल."

"पुढच्या वर्षी परत येतो तो. तुमचं तसं नाही."

दार आणि मागची खिडकी सताड उघडून आम्ही बाहेर थांबलो. वारा आरपार फिरू दिला. मग जेटस्की ट्रॉलीसकट हातांनी ढकलत अंगणात आणली. वारा विहिरीकडून येत होता, म्हणून विहिरीपासून लांबच्या टोकाला, म्हणजे वाफ दिव्याकडे जायला नको. वरची ताडपत्री काढली, सीट उचलून ठेवलं आणि पुन्हा थांबलो. मित्रमंडळी पायरीवर बसून बघत होती. सकाळी निकालाला होती, आता अपिलाला.

गळती शोधायला मी कोरडा कागद वापरते. पेट्रोलचा थेंब पडला की कागद तेलकट काचेसारखा होतो, जागा लगेच कळते. सॅकमध्ये उरलेली पत्रकं होतीच. प्रत्येक नळीखाली एकेक सरकवलं. पाच मिनिटांनी बाहेर काढली. चार कोरडी. पाचव्यावर ओला डाग, बरोबर "तुम्ही त्यात काय सांडता?" या ओळीवर. सर ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. माझं पत्रक इतक्या लक्षपूर्वक पहिल्यांदाच वाचलं गेलं.

त्या जागेची नळी मी चाचपली. पेट्रोलची नळी काळी, जाड रबराची असते. ही पारदर्शक होती. गवंडी भिंतीची पातळी जुळवायला पाणी भरून धरतात तो लेव्हल पाइप. पाण्यासाठी उत्तम. पेट्रोलमध्ये तो कडक होतो, आखडतो आणि चिरतो. नळी आवळणाऱ्या क्लॅम्पजवळ नखाएवढी चीर होती. उन्हाने पत्रा तापला की टाकीत दाब तयार होतो, आणि तो दाब रोज थोडं पेट्रोल या चिरेतून बाहेर ढकलतो.

"हा पाइप कुणी बसवला?"

बबनदादा सरांकडे बघेनात, म्हणून मीच बघितलं.

"मी," सर म्हणाले. "मे महिन्यात जुनी नळी फाटली होती. व्हिडिओ बघून केलं. क्लॅम्प ओरिजिनल आहेत."

"क्लॅम्पचं काम छान आहे, सर."

एक मित्र हसला. सर मात्र हुशार माणूस. त्यांनी लगेच कळीचा मुद्दा धरला. "ठीक आहे, गळत होतं. पण मग फरशी कोरडी कशी? अर्धी टाकी गेली कुठे?"

प्रश्न बरोबर होता. जेटस्कीच्या मागे खालच्या बाजूला दोन बुचं असतात, ड्रेन प्लग. मशीन ठेवणीत असताना ती उघडी ठेवायची, म्हणजे आत काही साचलं तर बाहेर येतं. उघडी असती तर फरशी भिजली असती. मी वाकून पाहिलं. बुचांवर एम-सीलचा थर होता.

"हे कुणी केलं?"

बबनदादांचा चेहरा उतरला. चोरीचा आळ अंगावर असताना आणखी एक चूक कबूल करायची, म्हणजे खोली गेलीच. विहिरीजवळून, ताट हातात धरूनच, वहिनी ओरडल्या, "सांगा की. साप मारलाय का तुमी कुनाचा?"

"मीच लावलं," दादा म्हणाले. "पावसात मागच्या सालाला फुरसं शिरलं व्हतं त्यात. म्हनून औंदा आवळून वरनं एम-सील लावलं. चुकलं आसंल."

"चुकलं," मी म्हणाले. "पण आता पेट्रोल कुठे आहे ते मला माहीत आहे."

हाताने दाबायच्या छोट्या पंपाची नळी मी मशीनच्या तळाशी सोडली आणि दुसरं टोक कॅनमध्ये. पहिला कॅन भरला. दुसराही. पेट्रोल, थोडं पाणी आणि वर इंद्रधनुष्य. शेवटी पाना लावून बुचं सोडवली, खाली परात धरून उरलंसुरलं घेतलं. अंगणात एक थेंब पडू दिला नाही, ओढा तिथून धरणातच जातो.

सर कॅनकडे बघत होते. "हे आपलंच पेट्रोल?"

"नाही, सर. चोराने पश्चात्ताप होऊन रात्री आणून ओतलं असेल. बुचांना एम-सील असताना."

"आणि शर्टाचा वास?"

"उंदीर बघाया दर आयतवारी सीट उचलायचो," बबनदादा म्हणाले. "तुमीच सांगितलं व्हतं."

सर पुटपुटले, "बरं. राहा मग तुम्ही, बबनराव." सकाळी नुसतं बबन होतं. ते वळून पायऱ्या चढू लागले.

"सर," बबनदादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "सकाळी चोर म्हनलात ते आमच्या आळीपतुर ऐकू गेलं. आत्ताचं मला बी नीट आलं न्हाई."

मी पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

सर परत खाली उतरले. मित्रांकडे तोंड करून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बबनरावांनी पेट्रोल घेतलेलं नाही. पाइप मी चुकीचा बसवला होता. त्यांना बोललो ते मी परत घेतो."

"गेलं आळीपतुर," वहिनी विहिरीवरून म्हणाल्या.

पूजा झाली. मुहूर्त टळल्यानंतर, उघड्या अंगणात, हळदकुंकू आणि फुलं एवढ्यावर. निरांजन विहिरीच्या कठड्यावरूनच ओवाळलं. जेटस्कीला ते पोचलं की नाही मला ठाऊक नाही, विहिरीला नक्की पोचलं. वहिनींनी माझ्या पान्यांनाही कुंकू लावलं, आणि जाता जाता उरलेली पत्रकं मागून घेतली. वाचायला नाही. कागद चांगला पितो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी रबराची नवी नळी बसवायला गेले. एम-सील गेलं होतं. मशीन शेडमध्ये असेल तेवढ्यापुरती बुचांच्या जागी बबनदादांनी बारीक जाळी बसवली होती. हवा जाते, फुरसं जात नाही. ही युक्ती मी आता सगळीकडे वापरते आणि माझी म्हणून सांगते. शेडच्या दारावर दसऱ्याचं तोरण वाळलेलं होतं, आणि त्याच खिळ्याला तो चिरलेला लेव्हल पाइप टांगलेला. सर दर शनिवारी त्याच्याखालून जातात. काढा म्हणून अजून बोललेले नाहीत.

पेट्रोलचा वास आला की आधी दिवा विझवा, मग दारं उघडा, मग नळ्या तपासा. माणसांचे शर्ट हुंगायचे असतील तर ते सगळ्यांत शेवटी.