किल्ली दाखवा, मग उतरा

दाजींचा फोन कामाच्या वेळी कधी येत नसे. त्यामुळे जानेवारीतल्या त्या मंगळवारी, साताऱ्यात आमच्या शाळेत तिसरा तास चालू असताना फोन थरथरला आणि त्यावर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा मी खडू हातात तसाच धरून वर्गाबाहेर आले. "सुनंदा... अक्का गेली," ते म्हणाले. माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता, "मशीन?" "न्हाई गं. घरातच. चहा ठिवला हुता तिनं. करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो, तर भिंतीला टेकून बसलीया..." हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ज्या वाटेची भीती आम्ही दोघींनी इतकी वर्षं जपली, त्या वाटेनं मरण आलंच नाही. या गोष्टीनं मला बरं वाटायला हवं होतं का, हे सात-आठ आठवडे झाले तरी मला कळलेलं नाही.

शालनअक्का माझी थोरली बहीण. माहेर आमचं कोरेगावकडचं, तिला दिली ती पलूसजवळ कृष्णाकाठच्या गावात. दाजी फौजेत होते, त्यामुळं लग्नानंतरची वीसेक वर्षं रान तिनं एकटीनंच बघितलं. उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं दुसरं पीक, गेला की त्या काळ्या, चिकट रानात ती उन्हाळी भुईमूग घ्यायची. नांगरट कुणाकडून करून घ्यायची, कुळव कधी घालायचा, हे ती कुणाला विचारत नसे. सकाळी रानात जायची, एक ढेकूळ उचलायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायची. फुटून विखुरलं तर अवजार घालायचं. तसंच राहिलं किंवा नुसतं चपटं झालं, तर अजून ओल जास्त आहे, थांबायचं. शेजारची रानं तयार झालेली दिसत असतानाही ती थांबायची. "वल्यात अवजार घातलं की रान रुसतंय," म्हणायची.

माणसांना, अंधाराला, सापाला ती घाबरत नव्हती. घाबरायची ती फिरत्या यंत्राला. आम्ही लहान असताना आमच्या चुलतीचा पदर मळणी मशीनमध्ये गेला होता. चुलती वाचली, हात गेला. मी तेव्हा अंगणात खेळत होते, मला फक्त गलका आठवतो. अक्का चुलतीच्या शेजारी पेंढ्या देत उभी होती. तिनं काय पाहिलं ते तिनं मला जन्मात सांगितलं नाही.

दाजी सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि पहिल्याच वर्षी ट्रॅक्टर घेतला. मग अवजारं घ्यायला आम्ही तिघं सांगलीला गेलो. दुकानातला विक्रेता दाजींशीच बोलत होता. रोटाव्हेटर घ्या, दोन फेऱ्यांत रान पिठासारखं होतं, आता नांगर-कुळव कोण वापरतंय, असं त्याचं चाललं होतं. अक्का त्या लाल यंत्राच्या पात्यांकडं बघत होती. मग ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला पोचवणारा तो फिरता दांडा, शाफ्ट म्हणतात तो, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यात काय अडाकलं तर हे आपलंआपण थांबतंय का?"

विक्रेता हसला. "ताई, असं होत नाही. वर कव्हर असतं."

"होत न्हाई म्हणू नका. थांबतंय का न्हाई, तेवढं सांगा."

"...नाही थांबत."

"मग बंद कुठनं करायचं, ते दावा."

त्यानं तिला बाहेर उभ्या ट्रॅक्टरवरची इंजिन बंद करायची कळ दाखवली. तिनं ती दोनदा स्वतः ओढून बघितली. दाजी लाजून रस्त्याकडं बघत होते. त्या दिवशी रोटाव्हेटर घेतला नाही, पलटी नांगर आणि कल्टिव्हेटर घेतला. परत येताना अक्कानं कारण सांगितलं ते जमिनीचं. रोटाव्हेटर वरची चार बोटं माती पीठ करतो, पण दरवर्षी तेवढंच खोल फिरला की खाली थर धरतो, पाणी मुरत नाही, आणि नदीकाठच्या रानात पाणी साठलं की रान खारवतं. ते सगळं खरंच होतं. पण तिचे हात मांडीवर घट्ट एकमेकांत अडकलेले होते, ते मी पाहत होते.

तीन वर्षं असंच चाललं. मग ढेकळं फोडायला बायका मिळेनाशा झाल्या, भुईमुगाची उगवण विरळ होऊ लागली. शेवटी तीच म्हणाली, "घ्या ते मशीन. भ्या वाटतंय म्हणून रान पाडून ठिवायचं व्हय?" आधी नांगरट, मग कल्टिव्हेटरच्या उभ्या-आडव्या पाळ्या, आणि वरच्या बारीक मातीपुरती रोटाव्हेटरची एकच फेरी, असं तिनं ठरवून दिलं. त्या एका फेरीला मात्र ती सकाळपासून बांधावर उभी राहायची. घरची कामं पडू द्यायची. दाजींना ते आवडत नसे. "सीमेवर राहिलोय मी, आन् ही मला राखत बसलीया," असं मला म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी सुट्टीला गेले होते. ती बांधावर, मी तिच्या शेजारी. रानात राहिलेलं उसाचं पाचट पात्यांना गुंडाळलं, मशीन घुसमटल्यासारखं आवाज करू लागलं. दाजींनी ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरले. शाफ्टवरचं कव्हर ग्रीस भरताना काढलेलं, ते गोठ्यात पडलं होतं. दाजी वाकले. गळ्यातल्या टॉवेलचं टोक खाली लोंबलं, फिरत्या शाफ्टनं ते गुंडाळून घेतलं... आणि माणूस एकदम पुढं ओढला गेला. एक हात त्यांनी मशीनच्या लोखंडाला रोवला होता, दुसरा गळ्याशी. तोंडातून आवाज येत नव्हता.

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी जागची हलले नाही. मला सगळं दिसत होतं, काय करायला हवं तेही कळत होतं, पण पाय माझे नव्हते. अक्का धावली. दाजींकडं नाही, ट्रॅक्टरकडं. त्यांना ओढत बसली नाही. वर चढली आणि कळ ओढली. त्याच क्षणी टॉवेल फाटला की मशीन आधी थांबलं, हे आम्हाला कधीच नक्की सांगता आलं नाही. दाजी मातीत बसले. गळ्याभोवती लाल वळ उठला होता.

अक्का खाली उतरली, त्यांच्या शेजारी बसली. मग ती उठून गोठ्यात गेली, कव्हर आणलं आणि दाजींच्या हातात दिलं. "बसवा," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तिनं ओतलेला चहा कपाबाहेर सांडला, तशी मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं. मी पुटपुटले, "अक्का, मी नुसती उभी राहिले गं..." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी बी चुलतीजवळ नुसती हुबी हुती," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं नियम केला. ट्रॅक्टरवरून उतरायचं तर इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची आणि हात वर करून बांधावर उभ्या अक्काला दाखवायची. मग उतरायचं. सुभेदारांनी एकदाही तो मोडला नाही.

यंदा फेब्रुवारी अर्धा सरला तरी रान तसंच पडून होतं. एका सकाळी दाजींचा फोन आला. मला वाटलं, तब्येत. "भुईमुगाचं दिस निघून चाललं," ते म्हणाले. "कल्टिव्हेटर दोनदा घातला. ढेकळं ऱ्हायल्यात. रोटाव्हेटर घालाय पायजे... पर मला वर बसायला भ्या वाटतंय गं." मी म्हटलं, भाड्यानं कुणाला तरी सांगा. ते म्हणाले, "सांगायला गेलो हुतो. त्येच्या मशीनला कव्हरच न्हाई. दुसऱ्याचं माणूस त्या जागी वाकल्यालं मला बघवायचं न्हाई."

रविवारी ते स्वतःच बसले. आधी मला फोन केला, "चालू करतोय." मी हो म्हटलं. मग भाजी चिरायला घेतली, ती बाजूला ठेवली, गॅलरीत गेले, परत आत आले. तासभर झाला. दीड तास झाला. मी फोन केला, वाजत राहिला. यंत्राच्या आवाजात ऐकू येत नसेल, हे मला कळत होतं... तरी मी परत परत लावत राहिले. एवढ्या लांब, साताऱ्यात, चौथ्या मजल्यावर मी भिंतीला हात टेकून उभी होते. आणि अक्कानं दर वर्षी हे उन्हात उभं राहून, डोळ्यांनी बघत सोसलं होतं.

पावणेदोन तासांनी फोन आला. "अर्धंच झालं," दाजी दमलेल्या आवाजात म्हणाले. "सारखं बांधाकडं बघाय हुतंय. चित्त लागंना, म्हणून थांबलो. ऱ्हायल्यालं फुडल्या रविवारी."

"मी येते," मी म्हटलं.

ते "कशाला उगीच" म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सकाळच्या गाडीनं ये. ऊन व्हायच्या आत उरकू."

गाडीचं तिकीट काढलं आहे. पुन्हा तसं काही झालं तर माझे पाय हलतील की नाही, मला माहीत नाही.