छत्तीसावी पट्टी

आमच्या घरात नवं भांडं आलं की त्यावरचं स्टिकर काढायचं काम माझं. अंगठ्याचं नख, थोडं कोमट पाणी आणि उरलेल्या चिकटपणावर खोबरेल तेलाचं बोट. सतरा वर्षांच्या संसारात बायकोने चारचौघांत माझं कौतुक केलं ते एवढ्याच एका गुणाचं. बाकी बाबतींत ती गप्प राहते. याच गुणापायी आमचं मस्कतमधलं बस्तान उठायची वेळ येईल, हे मात्र तिलाही वाटलं नव्हतं.

मी तिथल्या एका हॉटेलात दारूच्या स्टोअरचा कीपर होतो. स्वतः थेंबही न घेणारा माणूस अशा जागी बरा, या हिशेबाने मला ठेवलेलं. बाटल्या मी रंगावरून आणि खोक्यावरून ओळखायचो. माझे साहेब वसईचे ख्रिश्चन, साठीला टेकलेले. वाइनमधलं त्यांना सगळं कळायचं, आणि मला काही कळत नाही हे त्याहून चांगलं कळायचं.

त्या वर्षी हॉटेलात ग्रीक जेवणाचा आठवडा ठरला. ग्रीसहून वाइनची चार खोकी आली, आणि ती पाठवणारा ग्रीक गृहस्थ स्वतः गुरुवारी येणार होता. साहेब म्हणाले, बाटल्या पुसून चकाचक कर, दर्शनी कपाटात लावायच्यात. खोकी बंदरावर उन्हात पडून राहिली होती. प्रत्येक बाटलीच्या बुचावरून मानेच्या दोन्ही बाजूंना उतरणारी लाल कागदी पट्टी होती, आणि ती उन्हाने फुगून, कडेला सुटून कळकट दिसत होती. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मी घरून तेलाची बाटली नेली आणि संध्याकाळपर्यंत छत्तीस माना गुळगुळीत केल्या. चौथ्या खोक्यातल्या गोड वाइनवर निळ्या पट्ट्या होत्या. ड्युटी संपली म्हणून तेवढ्या वाचल्या.

एकही पट्टी फाटली नव्हती, त्यामुळे फेकवेनात. रिकाम्या डब्यात घालून मी त्या वादी अदाईला घरी आणल्या. बायकोने नुकतंच लिंबाचं लोणचं घातलं होतं. मी आणि मुलगी येता-जाता बोट बुडवतो म्हणून तिने भाताची खळ लावून बरण्यांच्या झाकणांवर त्या आडव्या चिकटवल्या. आता पट्टी फाटली की चोर सापडला, म्हणाली. उरलेल्या पट्ट्या खणात ठेवल्या. एक बरणी तिच्या मावसभावाबरोबर सहमला, दोन-अडीच तासांवरच्या त्याच्या गावी, गेली.

मंगळवारी साहेब स्टोअरमध्ये आले, एक बाटली उचलली आणि तिच्या मानेवरून बोट फिरवलं. मग बोट नाकाशी नेलं.

"हिची पट्टी कुठाय?"

मी अभिमानाने सांगितलं, काढली, सगळ्यांच्या काढल्या. ते स्टुलावर बसले. मग निळ्या पट्टीची एक बाटली मांडीवर घेऊन, लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी मला समजावलं. ग्रीसमध्ये वाइनच्या पायऱ्या ठरलेल्या. सगळ्यांत वर नाव राखून ठेवलेल्या मुलखांची वाइन: द्राक्ष तिथलंच, जात ठरलेली, वाइन तिथेच केलेली. त्याखाली मोठ्या प्रदेशाच्या नावाने विकली जाणारी. तळाला साधी, टेबलावरची; तिच्या लेबलवर गावाचं नाव घालायची सोय नाही. 'रिझर्व्ह' हा शब्दसुद्धा वाइन ठरावीक काळ मुरवल्याशिवाय छापता येत नाही. आणि वरच्या पायरीच्या बाटलीवर सरकारची नंबर घातलेली पट्टी, कोरड्या वाइनला लाल, गोडला निळी. लेबल काय, कुणीही छापेल. पट्टी ही साक्ष.

"आता ह्या छत्तीस बाटल्या कुठल्या, ते सांगायला तू आहेस आणि तुझं खोबरेल," साहेब म्हणाले. "बघणारा काय समजेल माहितेय? स्टोअरकीपरने आतली वाइन बदलली."

दारूचा मामला आणि परका मुलूख. माझा व्हिसा तेव्हा नूतनीकरणाला गेला होता. मुलगी दहावीत, बोर्डाचा फॉर्म भरून झालेला. काढून टाकलं तर मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय दोन वर्षं परत पाऊल ठेवता यायचं नाही, आणि चोरीच्या संशयावर काढलेल्या माणसाला ते पत्र कोण देणार? त्यात पट्ट्या घरी नेल्यात हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि क्रुसाची खूण केली.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. बरण्या कोमट पाण्यात ठेवून तिनेच एकेक पट्टी सोडवली, कापडावर वाळवली. खणातल्या धरून पस्तीस झाल्या. छत्तीसावी सहमला. बुधवारी सकाळी डब्यात पोळीखाली पस्तीस पट्ट्या घेऊन मी स्टाफच्या गेटमधून आत शिरलो. आत नेताना कुणी तपासत नाही हे पाठ असूनही शिपायाने सलाम केला तेव्हा मी त्याला दोनदा सलाम केला.

साहेब म्हणाले, चिकटव. तेही घाबरले होते, माल उतरवून घेताना सही त्यांची होती. मी डिंक काढला. पण पट्टीवर अक्षरं आणि आकडे, बाटल्या तीन मुलखांच्या: नेमेआ, नाउसा, सांतोरिनी. कुठली पट्टी कुणाची, हे मला कळेना आणि साहेबांनाही. चार पट्ट्या मी अंदाजाने लावल्या. पाचवी हातात घेतली आणि बाबा आठवले. आम्ही देवगडकडचे. बाजारात परमुलखातले आंबे 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत दिसले की बाबा पेटीसमोर उभे राहून शिव्या द्यायचे, आणि मी लाजून बाजूला व्हायचो.

मी डिंकाची बाटली बंद केली. बाबा आठवले हे खरं. पण खोटं उघडं पडलं तर एकाचे दोन गुन्हे होतील, हा हिशेबही त्याच वेळी डोक्यात चालू होता. कुठलं कारण मोठं, ते अजून मला सांगता यायचं नाही.

"मग उद्या तूच बोल त्याच्याशी," साहेब म्हणाले. लावलेल्या चार पट्ट्या मी परत ओल्या करून काढल्या.

गुरुवारी तो आला. उंच, वाकलेला, नखांच्या कडा शेतकऱ्यासारख्या काळ्या. मी पाठ केलेलं इंग्रजी त्याच्यासमोर बोलून टाकलं: स्टिकर, तेल, लोणचं, सगळं. बोलताना माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. तो हसला नाही. पस्तीस पट्ट्या टेबलावर पसरून त्याने त्यांच्यावरचे आकडे वाचले.

"कुठली कुठल्या बाटलीची, माहीत आहे?"

"नाही सर."

त्याने प्रत्येक मुलखाची एकेक बाटली उघडली, बूच पाहिलं, घोट घेतला आणि मान हलवली. वाइन त्याचीच होती. पण तो साहेबांना म्हणाला की पट्टीशिवाय मेनूत मुलखांची नावं नकोत, नुसतं 'ग्रीसची लाल' आणि 'ग्रीसची पांढरी' छापा. इथे मस्कतमध्ये कोण विचारणार, असं साहेबांनी सुचवून पाहिलं.

"मी विचारणार," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "छत्तीसावी?"

त्या पट्ट्यांचे नंबर त्याच्या नावावर दिलेले होते, आणि त्याला त्या सगळ्या परत हव्या होत्या. मी सहमचं सांगितलं. तो रविवारी निघणार होता. वरच्या ऑफिसात काय सांगायचं ते तोवर ठरवू, असं साहेब म्हणाले. म्हणजे माझा व्हिसा त्या बरणीच्या झाकणावर होता.

शुक्रवारी बायकोसह टॅक्सीने सहमला गेलो. वाटभर ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मी झाकणावरची पट्टी शाबूत असू दे म्हणून देवाला विनवत होतो. मेव्हण्याने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून आधी विचारलं, कोण गेलं? बरणी जेवणाच्या टेबलावर, अर्धी रिकामी. पट्टीचा एक तुकडा झाकणावर, एक बरणीच्या अंगाला.

"भावजी, लोणचं झकास होतं," तो म्हणाला.

बायकोने दोन्ही तुकडे ओल्या बोटाने सोडवले आणि रुमालात ठेवले. रविवारी सकाळी मी ते ग्रीक गृहस्थासमोर ठेवले, तेलाचा आणि हळदीचा डाग पडलेले. त्याने ते एकाला एक जुळवले, नंबर वाचला, तुकडे बाकीच्या पट्ट्यांबरोबर पाकिटात सरकवले. मग पाकिटावर 'छत्तीस' लिहून साहेबांची आणि माझी सही घेतली.

मला ताकीदपत्र मिळालं. व्हिसा आला तीन आठवड्यांनी, आणि ते तीन आठवडे मी वरच्या ऑफिसातला फोन वाजला की बाथरूममध्ये जायचो.

हल्ली बायको नवं पातेलं आणते, त्यावरचं स्टिकर तीच काढते. मी स्वयंपाकघराच्या दारात हात मागे बांधून उभा राहतो, आणि तिने ते चुरगळायच्या आत त्यावर काय लिहिलंय ते वाचून घेतो.