परब सरांची सायकलमोजणी

पंच्याहत्तरीच्या ह्या गौरव अंकात आधीच कबूल करतो. परब सरांच्या सायकलमोजणीत मी दोनदा खोटं लिहिलं. एक सरांनी पकडलं. दुसरं त्यांना अजून माहीत नाही.

बारावीत गणितात उडालो म्हणून आईने मला सरांकडे धाडलं, तीच पहिली ओळख. सरांनी पुस्तक उघडलंच नाही. पाळीच्या तिठ्यावर नेलं, हातात कागद दिला नि म्हणाले, आधी मोजायला शीक. खाणीचे ट्रक धावतात त्या रस्त्याला सायकलवाल्यांसाठी कडेची पट्टी हवी, असा सरांचा अर्ज होता. रस्त्यांच्या ऑफिसातले साहेब म्हणाले होते, सायकली वाढतात ते दाखवा.

झालं. दर महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी सात ते नऊ, तीच जागा. पावसातसुद्धा. मी वैतागून म्हटलं, बुधवारी डिचोलीचा बाजार असतो, तेव्हा मोजू, आकडा फुगेल. तर म्हणतात, मग बाजार वाढला की सायकली, ते कळणार कसं? पाववाला पोदेर सायकलवरून चार फेऱ्या मारायचा. सर त्याला एकदाच धरायचे. माणूस एक, रेघ एक.

ट्रक आला की निम्मे लोक भिऊन उतरायचे नि सायकल ढकलत जायचे. सरांचा नियम, ढकलणारा तो पायी. आकडा हलेना. शेवटी तीन महिने मी ढकलणारेही गुपचूप सायकलींत धरले. सर खूश. मला त्यांच्या घरी शिरा मिळाला. मग एका मंगळवारी ते माझ्या शेजारीच येऊन उभे राहिले.

"बाबू, ही बाई चालवता खंय? ढकलता मरे."

"सर, ती ट्रकाला भिऊन उतरली. पट्टी असती तर चालवली असती. तिला कुठे लिहू?"

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन त्यांनी तिन्ही महिन्यांचे आकडे स्वतः खोडले. नियमच चुकीचा होता, म्हणाले. माझं नाव काढलं नाही. मी डोकं धरलं. गेली पट्टी.

पुढच्या महिन्यात कागदावर नवा रकाना होता, 'भिऊन उतरलेले'. चालवणाऱ्यांपेक्षा तोच लांब भरला. साहेब तेवढंच बघत बसले, नि पट्टी आखली गेली.

त्यानंतरच्या मोजणीला ती बाई घंटी वाजवत पट्टीवरून गेली. सर बघतच राहिले, मोजायचं विसरले. मलाही राहवलं नाही. मीही सायकल काढून पट्टीवरून दोनदा गेलो नि दोन्ही वेळा स्वतःची रेघ ओढली.

तो कागद सरांनी चौकटीत लावलाय. पंच्याहत्तरीला येईल त्याला दाखवणार आहेत. सर शंभरी गाठोत, त्यांचे गुडघे ठणठणीत राहोत. अंकाच्या त्यांच्या प्रतीतलं हे पान मी फाडणारच आहे. तुम्ही फक्त, पाया पडतो, त्यात एक सायकल जादा आहे हे कोणाला बोलू नका. नाहीतर मंगळवारी सातला तिठ्यावर परत पहिल्यापासून, नि कागद माझ्याच हातात.